आजींचा अबोल तास

"आता मी फाइल उघडतोय. आता साहेबांची सही शोधतोय. साहेब आजही सही करायला विसरले. साहेब विसराळू आहेत," असं भिंगरीचे बाबा ऑफिसात मोठ्याने म्हणाले, तेव्हा साहेब त्यांच्या पाठीमागेच उभे होते. त्या दिवसापासून बाबांचं टेबल जिन्याखाली गेलं. तिथेही ते बोलतच राहिले.

यात बाबांचा दोष नव्हता. चार वर्षांच्या भिंगरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन होऊन कॉक्लिअर इम्प्लांट बसलं, कानामागे यंत्र आलं, डोक्याला चिकटणारी छोटी चकती आली, आणि तिचं जग आवाजांनी भरलं. मग थेरपीच्या मॅडमनी घरच्यांना सांगितलं, की पोरीच्या कानावर सतत भाषा पडू दे, जे कराल ते बोलून करा. घरच्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की घराचं रेडिओ स्टेशन झालं. आई भांडी घासताना बोले. बाबा दाढी करताना बोलत आणि त्यापायी गाल कापून घेत. आजोबा चष्मा शोधण्याचं धावतं वर्णन करत, आणि चष्मा नाकावरच सापडला तरी ते थांबत नसे.

अपवाद फक्त आजींचा. रोज सकाळी अंघोळ झाली की तासभर त्यांचं मौन असे. हातात माळ, ओठ मिटलेले. हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. आणि भिंगरी नेमकी त्याच तासात त्यांना टेकून बसायची.

बाबांना ते खुपू लागलं. भिंगरी सुटे शब्द बोले, पण वाक्य काही कुणी ऐकलं नव्हतं. तपासणी तोंडावर आलेली. त्यात ती वाक्यं बोलली तर गल्लीतल्या इतर मुलांच्या शाळेत जाणार, नाहीतर आणखी एक वर्ष घरी. आईने शाळेचा निळा फ्रॉक आधीच आणून कपाटात लपवला होता.

"आई, तिचा तासभर फुकट जातो गं," बाबा म्हणाले. "देवाला जरा थांबायला सांग."

"देवाचं मी बघते," आजी हळूच म्हणाल्या. "तू दाढीकडे बघ."

तपासणीची वेळ नेमकी आजींच्या तासातली मिळाली. त्यांना घरीच ठेवायचं ठरलं होतं, पण भिंगरी त्यांचा हात सोडेना. म्हणून आजीही आल्या, माळ आणि मौन घेऊन.

मॅडमनी टेबलावर खेळण्यातली भांडी मांडली आणि भिंगरीला विचारलं, काय करतेस? भिंगरीने तोंड उघडलं.

"ती कप उचलतेय," बाबा म्हणाले.

"लाल कप," आईने भर घातली.

आजोबांनी सांगितलं, की त्यांना तो आधी दिसलाच नव्हता, चष्म्यावर डाग आहे, आता ते तो पुसतायत.

भिंगरीने तोंड मिटलं. पुढच्या प्रश्नालाही तेच झालं. शेवटी तिने शांतपणे हात वर नेला, डोक्यावरची चकती काढली आणि मॅडमच्या हातात ठेवली.

घरच्यांचं धाबं दणाणलं. ऐन वेळी यंत्र बिघडलं की काय? आई पर्समधून बॅटऱ्या काढू लागली आणि तसं सांगू लागली. बाबा वायर तपासत वायरीचं वर्णन करू लागले. आजोबांनी बॅटरी उलटी घातली आणि तेही जाहीर केलं. मॅडमनी ती सुलट केली, दिवा पाहिला. यंत्र ठणठणीत होतं.

"बिघडलं नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तिने तुम्हाला बंद केलंय."

मग त्यांनी आठवण करून दिली, की बोलून झालं की थांबायचं, तिची वाट बघायची, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिघांनाही ते आठवेना. तेव्हा बहुधा ते बोलत असावेत.

मॅडमनी तिघांना काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. तिथे आतलं सगळं ऐकू येत होतं. आजी मात्र आतच राहिल्या. चकती परत जागेवर गेली. आजींनी नातीकडे पाहिलं, भुवई उंचावली, आणि रोजच्यासारख्या निवांत वाट बघत बसल्या.

"आजी, मी चहा करते," भिंगरी म्हणाली. कप पुढे सरकवला. "गरम आहे, फुंकर मार. बाबा खूप बोलतो. आई कपाटात निळा फ्रॉक बघते आणि रडते. आजोबा साखर खातात, मग डबा लपवतात."

काचेपलीकडे आईने फ्रॉक आठवून डोळे पुसले. आजोबांना डॉक्टरांनी साखर बंद केली होती. त्यांनी पहिल्यांदाच कसलंही वर्णन केलं नाही.

मॅडमनी शाळेसाठी आनंदाने होकार दिला, पण एका अटीवर. रोज आजींच्या तासात अख्ख्या घराने गप्प बसायचं. तोवर आजींचा तास संपला होता. "माळा आहेत माझ्याकडे जास्तीच्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही ओठ आवळून बसले. भिंगरी निळा फ्रॉक घालून त्यांच्यामधून फिरत होती. आजोबांच्या मनात आलं, आज कुणीच काही बोलणार नाही, हीच वेळ आहे. ते दबकत स्वयंपाकघराकडे गेले.

"आता आजोबा डबा उघडतात," भिंगरी अगदी स्पष्ट म्हणाली. "आता चमचा घेतात. छोटा नाही, मोठा."

आजोबांनी हात जोडून, डोळ्यांनी खूप विनवलं. पण तोंड उघडायची सोय नव्हती. आणि आजींनी, हातातली माळ न थांबवता, नातीकडे पाहून पुन्हा भुवई उंचावली.