न घासलेली जीभ

शर्मिलाने दीड महिना खपून दहा माणसांच्या जिभांचे फोटो काढले, प्रत्येकाची नाडी पाहिली, दहा केसपेपर लिहिले आणि रविवारी सकाळी मलेशियातल्या मॅडम लिनना पाठवून दिले. चिनी औषधी वनस्पतींच्या या ऑनलाइन कोर्सला तिला दोन वर्षं होत आली होती. दुपारी मॅडमचा फोन आला. एवढ्या गोड आवाजात त्या यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या.

"शर्मिला, या दहाही जिभा एकाच माणसाच्या आहेत का?"

"नाही मॅडम. दहा वेगळी माणसं आहेत."

"मग दहाच्या दहा इतक्या लख्ख कशा? एकीवरही थर नाही! थर नसला तर निदान कशावरून करणार तू? पुस्तकाप्रमाणे अशी माणसं फार आजारी असतात. रियाधमधले सगळे भारतीय अंथरुणाला खिळलेत असं समजू का मी? गुरुवारी पाचपर्यंत नव्या केसेस पाठव. नाहीतर पुढच्या बॅचला बस."

पुढची बॅच म्हणजे आणखी एक वर्ष. नाशिकला तिची मैत्रीण अनिता वैद्यकी करायची. आपल्या दवाखान्याची बाजूची खोली तिने शर्मिलासाठी अडवून ठेवली होती, पण जूनपर्यंतच. नूपुरची बारावी संपली की मायलेकींनी नाशिकला परतायचं आणि नवऱ्याने, शिरीषने, रियाधला आणखी पाच वर्षं कमवायचं, असा घरचा बेत होता. बाकी शिरीषला या शिक्षणाचं कौतुक बेताचंच. रियाधच्या अल मलाझ भागातल्या त्यांच्या छोट्या स्वयंपाकघरात डाळींच्या शेजारी चिनी मुळ्यांच्या बरण्या लागल्यापासून तो त्याला 'काढा कॉलेज' म्हणायचा. "ज्येष्ठमधाला 'गान साओ' म्हटलं की फी दुप्पट घेता येते," असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे हसायचे. शर्मिलाही हसायची, पण ते तिला लागायचं.

सोमवारी सकाळी ती चहा गाळत असताना न्हाणीघरातून रोजचा आवाज आला. शिरीष जीभ घासत होता. तो आवाज इतक्या वर्षांत तिला ऐकूच येईनासा झाला होता. आज ऐकू आला आणि गाळणं हातातच राहिलं.

"अहो, फोटो काढला त्या दिवशी तुम्ही जीभ घासली होती?"

"म्हणजे काय! दोनदा घासली. तू बघणार म्हटल्यावर."

तिने पटापट फोन लावले. सगळ्यांनी घासली होती. पाहुणे येणार म्हटलं की माणूस हॉल झाडतो, तशी प्रत्येकाने तिच्यासाठी जीभ झाडून ठेवली होती. शेजारच्या मुग्धाची आई तुळसाबाई व्हिजिट व्हिसावर साताऱ्याहून आली होती. ती म्हणाली, "अगं, मी तर मीठ लावून घासली! चारचौघांत काढायची जीभ, घाण कशी दाखवायची?"

शर्मिलाने दहाही जणांना निरोप धाडला: तीन दिवस कृपा करून जीभ घासू नका.

इतकं साधं सांगणं, पण मराठी माणसाला ते फार जड गेलं. तुळसाबाईने पारोश्या जिभेने देवाचं नाव घ्यायला साफ नकार दिला. बरीच मनधरणी झाली, तेव्हा तिने तोडगा काढला. उजवी अर्धी जीभ देवाची, डावी अर्धी शर्मिलाची. तो अर्धा पांढरा, अर्धा गुलाबी फोटो पाहून मॅडम लिननी एवढंच लिहिलं, 'या बाईंना ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या.' दहा जणांतल्या सुमीतने जीभ घासली नाही, पण फोटोआधी केशर घातलेला अरबी कहवा तीन पेले प्यायला, आणि त्याची जीभ हळदीत लोळवल्यासारखी निघाली. बाकीच्यांचा धीर दुसऱ्या दिवशी सुटला.

एकटा चैतन्य मात्र निष्ठेने वागला. हा चिपळूणचा पोरगा शिरीषच्याच कंपनीच्या अल सुलैमधल्या गोदामात स्टोअरकीपर होता.

"वहिनी, जीभ घासायची नाय म्हटलात, मग दात घासू की नको?"

"दात घास रे."

"रिस्क नको. दातही नाय घासत. आंघोळ चालेल?"

"चैतन्य, आंघोळीचा काय संबंध?"

"नाय, एकदा ठरवलं ना, मग पूर्ण करायचं."

मंगळवारी गोदामात त्याच्या आसपास कुणी उभं राहीना. मॅनेजर इस्मतभाईंनी त्याला कंपनीच्या डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टरने त्याची जीभ पाहिली, दोन पावलं मागे सरकला आणि दोन दिवसांची पगारी रजा लिहून दिली.

रजेचं कारण कामगारांच्या कॅम्पात समजायला तासही लागला नाही. बुधवारी सकाळी डॉक्टरच्या दाराशी चौदा जण रांगेत उभे होते, सगळे बिनघासलेले. कंटेनर दारात आलेला, माल उतरवायला माणूस नाही. इस्मतभाईंनी चौकशी केली, तेव्हा चौदाही जणांनी एकच नाव सांगितलं: शिरीषसाहेबांच्या मॅडम. त्यांनी तिथूनच हेड ऑफिसला फोन लावला.

"शिरीष भाई, ये ज़बान का क्या चक्कर है? आपकी बेगम ने मेरा गोदाम बंद करवा दिया!"

पुढे शिरीषला एचआरचं बोलावणं आलं. चैतन्यने ही बातमी, आणि इस्मतभाईंनी त्याचीही जीभ उभ्याउभ्या घासून घेतल्याचं, रडक्या आवाजात शर्मिलाला कळवलं. चूल सांभाळायची सोडून आपण जगाच्या जिभा बघत फिरलो आणि नवऱ्याच्या नोकरीवर आलं, या विचाराने तिला भडभडून आलं. शिरीष संध्याकाळी घरी आला तेव्हा तिने बरण्या खोक्यात भरायला घेतल्या होत्या.

"खलास," ती म्हणाली. "उद्या मॅडमना कळवते, मला नाही जमत. काय म्हणाले हो एचआरवाले?"

"हसले. लेखी समज दिली. तू त्या बरण्या जागेवर ठेव." तो खुर्ची ओढून दिव्याखाली बसला. "एक तरी केस नीट होऊ दे. घे."

आणि त्याने जीभ काढली.

शर्मिला बघतच राहिली. शिरीषच्या जिभेवर दोन दिवसांचा थर होता. सोमवारचा तो आवाज शेवटचाच, त्यानंतर न्हाणीघरातून आवाज आलाच नव्हता, आणि धावपळीत तिला ते कळलंही नव्हतं. ज्या माणसाला नखात मळ सहन होत नाही, त्याने दोन दिवस काही न बोलता हे केलं होतं. तिने डोळे पुसले, फोटो काढला आणि मग तिची नजर थरावरून जिभेच्या कडेला गेली. कडेवर दातांचे वण होते, शेंडा लालभडक. तिने दीड महिन्यापूर्वीचा फोटो शेजारी धरला. त्यात यातलं काही नव्हतं.

"तुम्ही झोपत नाही आहात," ती हळूच म्हणाली. "कसली तरी काळजी लागलीय. आणि हे वण आजच्या भानगडीचे नाहीत. महिनाभर तरी झालाय. काय लपवताय?"

शिरीषने जीभ आत घेतली. टेबलावरच्या बरणीचं झाकण त्याने घट्ट लावलं.

"नोकरी तुझ्यामुळे नाही जाणार," तो म्हणाला. "ती आधीच गेलीय. महिन्यापूर्वी पत्र आलं. मार्चनंतर इकामा रिन्यू करणार नाहीत, म्हणजे इथला मुक्काम संपला. नूपुरची परीक्षा होईस्तोवर सांगणार नव्हतो." मग लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत असावा, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे तुला खरंच जिभेवर दिसलं?"

"दिसलं."

"अनिताने ती खोली अजून ठेवलीय ना?"

गुरुवारी पाचच्या आत शर्मिलाने एकच केस पाठवली आणि बाकीचं जसं घडलं तसं लिहून कळवलं. मॅडम लिनचं उत्तर तासाभरात आलं. ही केस त्यांनी पहिल्या वर्गात पास केली होती, आणि उरलेल्या नऊ केसेससाठी एक महिन्याची मुदत दिली होती.

शुक्रवारी सुट्टी होती. शर्मिला उठून बाहेर आली तर शिरीष चहासुद्धा न घेता फोनवर बसलेला. समोर नऊ नावांची यादी, त्यातल्या तीन नावांवर बरोबरची खूण. चौथा फोन तुळसाबाईला चालला होता.

"नाही मावशी, अर्धी नाही चालायची, पूर्ण जीभ लागेल," तो हात जोडून फोनला सांगत होता. "काढा कॉलेज मी म्हणायचो हो, आता नाही म्हणत. आता आमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."