गोदूबाईंचं खेळघर आणि परमिट रूम

एका जंगलात मोठं होण्याला फार मान होता. ज्या दिवशी पिल्लाला शिंगं, सुळे किंवा आयाळ फुटे, त्या दिवशी घरात गोडधोड होई. मग त्याची सगळी खेळणी गोळा करून नदीत सोडत आणि त्याच्या ओठांना मोहाची दारू लावत. झालं पिल्लू मोठं.

आता तुम्ही विचाराल, ज्याला यातलं काहीच फुटत नाही त्या कासवाचं काय? मुलांनो, मध्येच प्रश्न विचारू नयेत. गोष्ट बाजूला राहते.

या जंगलात गोदूबाई नावाच्या साळिंदर राहत होत्या. त्यांचं खेळांचं दुकान होतं. सागरगोटे, सारीपाट, सापशिडी, सगळं त्या स्वतः बनवत. सोंगट्या बोरांच्या बियांच्या. पटावरच्या रेघा त्या स्वतःच्याच काट्यानं मारत. फासे हाडाचे असत. हाड कुणाचं, तेही विचारू नये.

एकदा नागोबा तक्रार घेऊन आले होते. "सापशिडीत दर वेळी खाली नेणारे आम्हीच का?"

"मग शिडी व्हायला या," गोदूबाई म्हणाल्या. "नाही कोण म्हणतंय?"

नागोबा पुन्हा आले नाहीत.

दुकान चांगलं होतं. अडचण एवढीच, की गिऱ्हाईक नव्हतं. पिल्लांना खेळायला वेळ नव्हता. त्यांना सकाळी डरकाळीचा क्लास असे, दुपारी पळण्याचा, संध्याकाळी वास ओळखण्याचा. वेळ होता तो मोठ्यांकडे. पण मोठ्यांनी खेळायचं नसतं.

तरी मोठी मंडळी येत. इकडंतिकडं बघत येत आणि हळूच म्हणत, "भाच्यासाठी हवंय."

कोल्हा म्हणे भाच्यासाठी. रानडुक्कर म्हणे भाच्यासाठी. रंगराव गवा तर एका वर्षात चार वेळा भाच्यासाठी सापशिडी घेऊन गेले. रंगरावांना बहीण नव्हती.

रंगराव म्हणजे साधी असामी नव्हे. ते पाणवठा समितीचे अध्यक्ष होते. कुणी कधी पाण्यावर यायचं आणि कुणी कुणाला पाहून न पाहिल्यासारखं करायचं, हे ते ठरवत. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. सापशिडी ते घाणेरीच्या झुडपामागे नेत आणि एकटेच खेळत. उजवा खूर विरुद्ध डावा खूर. कुठलाही खूर जिंकला तरी त्यांना आनंद होत नसे, कारण दुसरा खूर हरलेला असे.

शेवटी गोदूबाईंनी दुकान बंद करायचं ठरवलं. शेजारी यमाजी अस्वलाचा मोहाच्या दारूचा गुत्ता होता. जायच्या आधी शेजाऱ्याला सांगावं म्हणून त्या तिथे गेल्या. बघतात तर ही गर्दी. सगळे मोठे, सगळे राजरोस बसलेले आणि सगळे कंटाळलेले.

"यमाजी, यांना इथं यायची लाज नाही वाटत?"

"लाज कसली बाई? इथून बाहेर पडताना कुणी पाहिलं तर विचारतात, काय साहेब, आज फार काम पडलं का?"

गोदूबाईंचे काटे ताठ झाले. त्यांना काही सुचलं की तसं होई.

दोन दुकानांमधली भिंत वारुळाच्या मातीची होती. ती त्यांनी आणि यमाजीनं मिळून पाडली. बाहेर पाटी लावली: 'गोदूबाईंचं खेळघर आणि परमिट रूम. फक्त मोठ्यांसाठी.'

पहिल्याच संध्याकाळी रंगराव आले. तात्या खवलेमांजर आधीच येऊन बसले होते. तात्या निवृत्त शिक्षक. 'खेळण्यात वेळ दवडू नये' हा धडा त्यांनी तीस वर्षं शिकवला होता. त्यांच्यापुढे मोहाचा द्रोण होता, चकण्याला शेंगदाणे होते आणि सापशिडीचा पट मांडलेला होता.

"मी प्यायला आलोय," रंगराव मोठ्यानं म्हणाले.

"मीही," तात्या त्याहून मोठ्यानं म्हणाले. मग हळूच म्हणाले, "लाल सोंगटी घेता की हिरवी?"

पाचव्याच दानाला तात्यांना साप चावला आणि रंगराव हसले. इतक्या जोरात हसले, की छताला उलटी लटकलेली वटवाघळं सुलटी झाली. तात्यांनी अंगाची गुंडाळी करून घेतली. हरायला लागले की ते तसंच करत. पुन्हा डाव मांडल्याचा आवाज आला की उघडत.

असा सगळा उन्हाळा गेला. कोल्हा सारीपाट खेळे. रानडुक्कर सागरगोटे झेली आणि एकही खाली पडू देत नसे. खरं सांगू का मुलांनो, इतकी सुखी मंडळी मी त्या जंगलात आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

यमाजीला मात्र वाईट वाटे. द्रोण भरलेले तसेच राहत.

"माझ्या हातची चव गेली की काय?" त्यानं एकदा विचारलं.

"चव कोण बघतंय?" तात्या म्हणाले. "थांब, माझं दान आहे."

अडचण घरी आली. खेळघर उघडल्याच्या चौथ्याच दिवशी रंगरावांची बायको तुळसाबाई कमरेवर खूर ठेवून उभी राहिली होती.

"अहो, प्यायला गेला होतात ना? मग चालताय इतके सरळ? आणि गुणगुणताय काय? खरं सांगा, कुठं जाता?"

सगळ्या घरांत हेच चाललं होतं. तेव्हा यमाजीनं झोकांड्यांचा क्लास काढला. रोज निघायच्या आधी सगळ्यांना ओळीनं उभं करून तो शिकवी.

"उजवीकडं दोन पावलं, डावीकडं एक. वाटेत झाड आलं की त्याला दादा म्हणायचं. घरी गेल्यावर बायकोला ओळखायचं, पण जरा उशिरानं."

मग सगळे मोहाची चूळ भरत आणि घरी जात. घरोघरी समाधान झालं.

"आमचे हे हल्ली रोज पितात," तुळसाबाई शेजारणीला सांगे.

"चालायचंच," शेजारीण म्हणे. "जबाबदारीचं पद आहे."

पण एका सकाळी रंगरावांची मान चोळताना त्यांच्या कानामागून काहीतरी खाली पडलं. तुळसाबाईनं उचलून पाहिलं. हाडाचा फासा होता. संध्याकाळी ती सरळ दुकानात गेली.

त्या वेळी रंगराव अठ्ठ्याण्णवावर होते. सगळ्या उन्हाळ्यात ते एकदाही शंभरावर पोचले नव्हते. नव्व्याण्णवावर सगळ्यात मोठा साप होता. त्याची शेपूट सातव्या घरात. दोन पडले की शंभर. फासा खुरात होता. रंगरावांनी डोळे मिटले होते.

"अहो!"

रंगरावांनी फासा न टाकताच खाली ठेवला.

"तुम्ही पिता म्हणून मी सोळा सोमवार धरले," तुळसाबाई रडतच म्हणाली. "आणि तुम्ही खेळता? शिंगं मोडून वासरांत शिरलात? या वयात?"

प्रकरण वाघमहाराजांपुढे गेलं. पाणवठ्यावर सभा भरली. आरोप असा होता: मोठेपणी, शुद्धीत असताना, खेळणे. सिद्ध झाला तर रंगरावांचं पद जाणार होतं आणि दुकानाला कुलूप लागणार होतं. गोदूबाई एका कडेला उभ्या होत्या. त्यांचे काटे पार खाली पडले होते.

पद गेलं तर जाऊ दे, असं रंगरावांना वाटलं. पण दुकान गेलं तर? पुन्हा ते घाणेरीचं झुडूप. पुन्हा उजवा खूर आणि डावा खूर.

"रंगराव, तुम्ही खेळलात?" महाराजांनी विचारलं.

"खेळलो, महाराज."

महाराज दयाळू होते. शिवाय महाराजांनाही भाचे होते. त्यांच्यासाठी गोदूबाईंनी दोनदा सारीपाट पाठवला होता.

"नीट आठवा," महाराज म्हणाले. "त्या वेळी तुम्ही प्यायलेले असाल."

रंगरावांनी गोदूबाईंकडे पाहिलं.

"प्यायलो होतो, महाराज. काय करतोय तेच कळत नव्हतं."

सभेनं सुटकेचा निःश्वास टाकला. "अरेरे, बिचारा," असं दहाजण म्हणाले. तुळसाबाईनं डोळे पुसले.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "हे तसे नाहीत. दारूनं करवलं त्यांच्याकडून."

महाराजांनी निकाल दिला. शुद्धीत खेळणं हा गुन्हा. नशेत हातून खेळ घडला तर क्षमा. यापुढे पूर्ण झिंगल्याशिवाय कुणीही पटाला हात लावायचा नाही.

दुकान वाचलं. गोदूबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात सरकारी तरस येऊन बसला. नुसती चूळ त्याला चालत नसे. तीन द्रोण आपल्या डोळ्यांदेखत रिकामे करायला लावी. मग एका पायावर उभं करी. जो पडे, त्याला आत सोडी.

रंगराव आले. त्यांचा पट गोदूबाईंनी तसाच ठेवला होता. लाल सोंगटी अठ्ठ्याण्णवावर होती. धूळसुद्धा त्यांनी फुंकरीनंच उडवली होती.

पहिला द्रोण रंगरावांना फार जळजळला. दुसरा थोडा कमी. तिसरा कधी संपला ते त्यांना कळलं नाही. ते एका पायावर उभे राहिले आणि पडले. तरसानं वाट दिली.

समोर तात्या होते. न हरताच गुंडाळी झालेले. घोरत होते.

रंगरावांनी फासा टाकला. तो गडगडत गेला आणि थांबला. वर दोन ठिपके होते. गोदूबाईंना ते गल्ल्यावरून स्वच्छ दिसले.

"रंगराव!" त्या ओरडल्या. "अहो, तुम्ही—"

"बाई," तरस गुरगुरला, "तुम्ही शुद्धीत आहात. शुद्धीत असणाऱ्यानं खेळात बोलायचं नाही."

रंगरावांनी फाशाकडे पाहिलं. त्यांना आधी चार ठिपके दिसले. त्यांनी एक डोळा मिटला. मग एकच दिसला.

"एक," ते म्हणाले.

त्यांनी सोंगटी एक घर पुढे सरकवली. मग स्वतःच ती सापावरून ओढत, वेडीवाकडी, सातव्या घरापर्यंत खाली आणली. हसले नाहीत, चिडलेही नाहीत.

"आपण कोण होतो?" त्यांनी गोदूबाईंना विचारलं. "लाल की हिरवे?"

गोदूबाईंना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी पट उचलून कोनाड्यात ठेवला. तो पुन्हा कुणी मागितला नाही. हळूहळू मंडळी पटाशी जाईनाशीच झाली. तीन द्रोणांनंतर चौथा मागवणं सोपं जाई. यमाजीला आपल्या हातची चव परत आली असं वाटू लागलं. त्यानं झोकांड्यांचा क्लास बंद केला, कारण आता सगळ्यांना येत होतं.

सोंगटी सातव्या घरात उतरली त्या दिवशी रंगराव घरी निघाले. उजवीकडे दोन पावलं, डावीकडे एक. वाटेतल्या झाडाला ते दादा म्हणाले. तुळसाबाई दारातच उभी होती. रंगरावांनी तिला ओळखलं, पण जरा उशिरानं.

"सुधारले बाई एकदाचे," ती म्हणाली. आणि तिनं सोळा सोमवारांचं उद्यापन करून टाकलं.

तात्पर्य: मुलांनो, व्यसन फार वाईट. ते एकदा लागलं की सुटत नाही. म्हणून खेळाची सवय हाडात मुरायच्या आत प्रत्येकानं दारू प्यायला शिकावं.