दर सोमवारी आजारी पडणाऱ्या सिस्टर

आमच्या ग्रामीण रुग्णालयात दर सोमवारी एक बाई आजारी पडून येतात. अंगावर जुनं लुगडं, तोंडाला डोळ्यांपर्यंत बांधलेला दुपट्टा. कधी गुडघे दुखतात, कधी पित्त होतं, एकदा तर बेंबी सरकली होती. केसपेपरवर दर वेळी नवं नाव. रांगेत तासभर उभ्या राहतात, डॉक्टरांना दाखवतात आणि शेवटी औषधाच्या खिडकीशी येऊन मला, म्हणजे इथल्या फार्मासिस्टला, चिरक्या आवाजात विचारतात, "भाऊ, हे गोळी कवा खाऊ?"

मी नीट समजावून सांगितलं तर मुकाट्यानं निघून जातात. नुसतं "जेवल्यावर" असं पुटपुटलो की दुपट्टा खाली येतो आणि आतून आमच्या इन्चार्ज खोब्रागडे सिस्टर प्रकट होतात.

"जेवल्यावर म्हंजे कोणतं जेवल्यावर? किती दिवस? चिठ्ठी वाचता नाई येत तिले, हे मालूम हाय का तुले?"

आता यात गुपित काहीच नाही. चामोर्शीच्या पुढे, धान संपून जंगल सुरू होतं तिथला आमचा दवाखाना. माणसं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. शिवाय रांगेत कोणी मध्येच घुसलं की ही 'पेशंट' त्याचा दंड धरून त्याला थेट शेवटी नेऊन उभा करते. असा पेशंट गडचिरोली जिल्ह्यात दुसरा नसावा. पण त्यांची समजूत अशी की आपल्याला कोणी ओळखत नाही, आणि ती मोडायची आमच्यात कोणाची छाती नाही.

सिस्टरांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं, "खाटेवरून पाह्य, मंग समजते." वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवर त्या स्वतः पाठ टेकून आलेल्या आहेत. खाटेवरच्या माणसाला दवाखाना म्हणजे फक्त छत, असं म्हणून त्यांनी आधी छताची जळमटं काढायला लावली. नवे डॉक्टरसाहेब रुजू झाले त्याच दिवशी त्यांना स्ट्रेचरवर झोपवून गेटपासून प्रसूतिगृहापर्यंत ढकलत नेलं. वाटेतल्या उंबऱ्यावर साहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि उंबरा गेला. साहेब आठवडाभर मान धरून तपासत होते.

पण कळस झाला तो दर्जा तपासणीच्या दिवशी. पथक येणार म्हणून आम्ही पडदे धुतले, फलक लावले, कधी नव्हे ते सगळे वेळेवर आलो. नेमका वार सोमवार! पथकातल्या मॅडम सात नंबरच्या खाटेशी थांबल्या आणि तिथल्या म्हातारीला मायेनं विचारलं, "आजी, काही त्रास नाही ना इथं?"

"लय हाय," आजी दुपट्ट्यातून म्हणाली. "पंखा किरकिर करते. पाणी प्याचं तं वऱ्हांडा पार करा लागते. आन ते खोब्रागडे नर्स! तोंड हाय का तोफ? लोकाईवर खेकसतच राह्यते."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मार्क जायचे ते गेले. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. सिस्टर मात्र गणवेश चढवून आल्या आणि म्हणाल्या, "खोटं काऊन सांगू? खेकसतोच ना मी."

त्यांचा खरा जीव मात्र अडकला होता मागच्या बाजूच्या एका खोलीत. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. म्हणून दिवस भरत आलेल्या बायांनी आठ-दहा दिवस आधीच सोबतीला एकीला घेऊन तिथं राहावं, अशी सोय. खोली चांगली, गाद्या नव्या, चादरी पांढऱ्याशुभ्र. आणि बाई एक टिकत नव्हती. एक रात्र काढायची की गाव गाठायचं.

रेखाही तशीच पळाली. तिचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या काठावर, पाणी उतरायची वाट पाहतानाच गेलं होतं. या खेपेला सिस्टरांनी तिला आणि तिच्या सासूला गाडी पाठवून आणलं. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी! चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आठ दिवसांवर बाळंतपण आलेलं आणि नाल्याला पाणी चढायला लागलेलं. सिस्टर आता गाव डोक्यावर घेणार म्हणून मी कानात बोटं घालायच्या तयारीत होतो. पण नाही. लुगडं नेसल्या, त्या खोलीत जाऊन पडल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी आल्या त्या थेट माझ्या खिडकीशी. चेहरा उतरलेला.

"भाऊ, सकाळपासून एक माणूस नाई बोललं माह्यासंगं. ताट ठेवलं, गेली. झाडलं, गेला. म्या भिंतीच पाहून राह्यली होती. अरे, त्या बाया दुखण्याले भिऊन नाई पळत. त्याईले करमत नाई!"

आम्ही वर्षभर गाद्या बदलत होतो, आणि रोग हा होता. हसावं की रडावं ते कळेना.

दुसऱ्याच दिवशी मागच्या पडवीत चूल मांडली गेली. चादरींचा तो पांढरा रंग सिस्टरांना प्रेतासारखा वाटला होता, म्हणून फुलाफुलांच्या आल्या. मग सिस्टर माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या आणि आम्ही अजून उतार असलेल्या जागेवरून नाला ओलांडून रेखाच्या गावी गेलो. मला वाटलं, आता जोखीम, रक्तदाब, पहिलं बाळ, असं सगळं भाषण होणार. सिस्टर ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सासूला म्हणाल्या, "माय, चूल मांडली तिकडं. पण मले एकटीले भाजीची फोडणी नाई साधत. चालता का?"

सासू खळखळून हसली. "एवढी मोठी नर्सबाई आन फोडणी नाई येत?"

"नाई ना. क्वार्टरात एकटीच राह्यतो. एकट्या माणसाची कायची फोडणी? वरण-भात झाला का झालं."

सासूनं पदर खोचला आणि रेखाला हाक मारली, "सामान बांध व पोरी."

पुढचे सहा दिवस आमच्या दवाखान्याच्या मागून असा लसणाचा वास यायचा की पेशंट ओपीडी सोडून तिकडे पाहायचे. दुपारी सिस्टर तिथंच जेवायच्या. सासू त्यांच्यावर खेकसायची, "तेल कमी टाक, नर्सबाई!" आणि त्या ऐकून घ्यायच्या. हे दृश्य पाहायला आम्ही पाळीपाळीनं जायचो. त्यांचं पाहून शेजारच्या गावच्या आणखी दोघी आल्या, आणि त्यांच्या आयाही.

चौथ्या दिवशी नाला भरला. सातव्या दिवशी सकाळी अकरा वाजता रेखाला मुलगी झाली. अशी ओरडली पोरगी की मी खिडकी तशीच टाकून पळत गेलो. सासूनं सिस्टरांना घट्ट मिठी मारली होती आणि दोघी हसत रडत होत्या. मीही रडलो, उगाच कशाला लपवा!

पाणी उतरलं, रेखा घरी गेली. पंधरा दिवसांनी सासू बाजारातून सरळ दवाखान्यात आली. "पोरीचा पाळणा हाय बुधवारी. माह्या पोराले बहीण नाई. आत्या बनून तूच नाव ठेव, बाई."

ती गेल्यावर सिस्टर माझ्या खिडकीशी उभ्याच राहिल्या.

"किती लेकरं या हातावर आली भाऊ, मोजलीबी नाई. पाळण्याले कोणी पह्यल्यांदाच बोलावून राह्यलं. काय करा लागते तिथं?"

"बाळाच्या कानात नाव सांगायचं," मी म्हणालो, आणि माझी मलाच लाज वाटली. माझी मुलगी याच दवाखान्यात, यांच्याच हातावर झाली. बारशाचे पेढे मी टेबलाटेबलावर वाटले होते. यांना घरी बोलवायचं मला सुचलं नव्हतं.

"किरकोळ रजेचा अर्ज कसा लिवतात?" त्यांनी विचारलं. त्यांनी रजा घेतल्याचं कोणाला आठवत नाही. मी कागद घेतला आणि कारण म्हणून लिहिलं, 'बारशाला जाणे'.

सिस्टरांनी तो वाचला. माझ्या हातातून पेन घेतलं, मी लिहिलेलं खोडलं आणि आपल्या ठळक अक्षरात वर लिहिलं, 'घरगुती कारण'. मग सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदाकडे पाहत राहिल्या.