सासरेबुवांच्या दातांखाली अनारदाणा

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या भांड्यात प्लास्टर कालवू नये, एवढी साधी अक्कल आपल्या जावईबापूंना नव्हती. सकाळी घाईत नेलेलं भांडं संध्याकाळी परत आलं, तेव्हा आतलं पातं प्लास्टरमध्ये कायमचं गाडलं गेलं होतं.

"अहो, आता अनारदाणा कशात वाटू? माझं डोकं घालू मिक्सरमध्ये?" बायको कडाडली.

"डाळिंबाचे वाळलेले दाणेच ना ते? टाक तसेच रश्श्यात. शिजून मऊ होतील."

आणि नेमके आजच सासू-सासरे जेवायला! सासरेबुवांच्या तोंडात जावयाने बनवलेली नवीकोरी कवळी होती. घरच्या माणसाच्या कामावर म्हाताऱ्याचा काडीचा विश्वास नव्हता. "टिकली, तर बागेतल्या माझ्या बाराही बोळक्या मित्रांना तुमच्याकडे पाठवतो," त्यांनी बजावलं होतं. "तुटली, तरी त्यांना सांगणारच!"

"माझे बघा, बत्तीसच्या बत्तीस स्वतःचे," सासूबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या आणि सगळ्यांनी पहिला घास घेतला.

कट्ट!

रश्श्यात एक पांढराशुभ्र दात पडला होता. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तुटली! मी म्हटलंच होतं!" सासरेबुवा गरजले.

जावईबापूंनी हातातला घास ताटात ठेवला. बाराच्या बारा गिऱ्हाइकं रश्श्यात बुडाली! "बाबा, काढा बघू," ते कसेबसे म्हणाले. कवळी दिव्याखाली धरून त्यांनी दात मोजले. पुन्हा मोजले. सगळे जागच्या जागी.

"मग हा कुणाचा?" बायकोने विचारलं.

सासूबाई तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे बघत होत्या.

"आई! तुझा खरा दात तुटला?"

जावईबापूंनी दात उचलून उलटा केला आणि कामाच्या सवयीने बोलून गेले, "छे, खरा कुठला? मागे तार आहे. निदान पस्तीस वर्षांपूर्वीचं काम."

"पस्तीस?" सासरेबुवांचे डोळे पांढरे झाले. "अहो, आमच्या लग्नालाच चौतीस झाली!"

"जावईबापू, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" रुमालाआडून सासूबाई फणफणल्या.

मग सासरेबुवांनी शांतपणे हात पुढे केला.

"काम पक्कं आहे तुमचं. उद्या बाराही जण येतील. पण आधी ती कवळी द्या इकडे. मला हिच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय."