विटांवरची गाडी

मुनीरभाई घरी आलेल्या माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी त्याच्या गाडीचं टायर बघतात. मग तो सोयरा असो, पोस्टमन असो की मतं मागायला आलेला पुढारी. खाली वाकायचं, खिशातल्या रुमालानं टायरची बाजू पुसायची, तिथे उठवलेले चार आकडे शोधायचे आणि मान वर न करता सांगायचं, “ह्याची उमर झाली.” टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनलं ते त्या चार आकड्यांत असतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माझा साडू नवीन घेतलेली जुनी गाडी कौतुकानं दाखवायला आला, तेव्हा मुनीरभाईंनी चारही चाकं पुसली आणि म्हणाले, “गाडी झकास हाय. पण घरी जाताना यष्टीनं जा.” साडू वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही.

नांदेडच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरासमोरच. धंदा लोखंडी कपाटं बनवण्याचा. मी कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक होतो, पोरांना परीक्षानळ्या मोजून द्यायचो. पण मुनीरभाईंनी मला पहिल्याच दिवशी ‘सर’ करून टाकलं आणि गल्लीनंही ते मान्य केलं.

त्यांनी स्वतःच्या हातानं एक गाडी बनवली. चासी आणि इंजिन एका जुन्या व्हॅनचं, बाकी सगळं त्यांचं. कपाटं बनवणाऱ्या माणसानं गाडी बनवली की कशी दिसेल, तशीच ती दिसायची. रंग कपाटाचा, दाराला कपाटाचं फिरवायचं हँडल, आत एक किल्लीचा कप्पासुद्धा. गल्ली तिला ‘कपाट’च म्हणायची. मुनीरभाईंना त्याचा राग नव्हता. “कपाट उलटत न्हाई,” एवढंच म्हणायचे. गाडीत सगळं होतं, फक्त चाकं नव्हती. चार वर्षं ती विटांवर उभी होती.

ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची बायको नसीमभाभी कमरेखाली लुळी. खिडकीजवळच्या पलंगावर त्यांचा दिवस जायचा आणि खिडकीतून समोर ती गाडी दिसायची. माहेर जळकोटचं, तिथे थोरली बहीण. बहिणीकडे एकदा जाऊन यायचं, एवढी एकच इच्छा राहिली होती, पण भाड्याच्या गाडीत आडवं पडून नाही. एकदा तसं नेलं, तर त्यांनी अर्ध्या वाटेवरून गाडी परत फिरवायला लावली. “मढ्यासारखी न्हाई जाणार,” म्हणाल्या, “बसून जाईन, बाहेर बघत.” म्हणून मुनीरभाईंनी गाडीचा मागचा तळ खाली घेतला. चाकाची खुर्ची फळीवरून सरळ आत जावी आणि तिथे अडकून पक्की बसावी, अशी सोय केली.

मग चाकांचा घोळ सुरू झाला. बारा इंची चाक घेतलं तर फळीचा चढ सोपा, पण गतिरोधकाला गाडीचं पोट घासणार. तेरा इंची घेतलं तर पोट वाचणार, पण चढ वाढून खुर्ची ढकलताना भाभी मागे कलणार. या एका इंचावर त्यांनी सहा महिने काढले. शेवटी तेरा ठरलं आणि फळी लांब केली. नंतर अलॉयची चकचकीत चाकं की साधी लोखंडी, याच्यावर एक पावसाळा गेला. “अलॉय खड्ड्यात तडकतं सर, लोखंड वाकतं. वाकलेलं मी ठोकून सरळ करीन. तडकलेल्याला काय करू?” चाकं लोखंडी ठरली. राहिली टायरं.

टायरांसाठी ते मला एकदा लातूरला घेऊन गेले. दुकानदारानं आधी चहा पाजला. मुनीरभाईंनी एकेक टायर खाली काढायला लावलं. आकडे वाचले, अंगठा रुतवून बघितला, वास घेतला. तासाभरात दुकानात गिऱ्हाईकाला पाय ठेवायला जागा उरली नाही. एक टायर दोन महिन्यांपूर्वीचं निघालं, तेही त्यांना पटेना, कारण ते उन्हाच्या बाजूला ठेवलं होतं. दुकानदार घाम पुसत म्हणाला, “चाचा, टायर घ्यायलाव का पोरीला स्थळ बघायलाव?”

“ह्याच्यावर माझी बायको बसणार हाय,” मुनीरभाई म्हणाले.

दुकानदार टायरं परत रचायला लागला. आम्ही रिकाम्या हातानं परत निघालो.

गल्लीला जे अर्धवट माहीत होतं, ते त्यांनी त्या दिवशी एसटीत मला पुरतं सांगितलं. भाभींची कमर गेली ती मुनीरभाईंच्याच जुन्या जीपच्या अपघातात. दोघं जळकोटहूनच परत येत होते. मागचं टायर फुटलं, जीप उलटली. मुनीरभाईंना नुसतं खरचटलं. ते टायर त्यांनीच भंगारातून निवडून आणलं होतं. मोडीत काढलेल्या एका गाडीची स्टेपनी, एकदाही रस्त्याला न लागलेली. नक्षी कोरी, रबर काळंभोर. अशी स्टेपनी हाती लागली की आपल्याकडे लोक नशीब समजतात, मीही समजलो असतो. अकरा वर्षं पडून पडून ती आतून वाळली होती, हे त्यांना ती फुटल्यावर कळलं.

“आकडे त्याच्यावरच होते सर,” ते म्हणाले. “मीच बघितले न्हाईत.”

त्यानंतर एकदा भाभींनी मला खिडकीशी बोलावलं. अंगानं फार वाळल्या होत्या. “सर, बाजारात टायरं न्हाईत का? हायत. त्यांना भ्या वाटायलंय. मला न्हाई वाटत. तुमी सांगा त्यांना.” मी सांगतो म्हणालो आणि सांगितलंही, पण जाता जाता, हसत हसत. नीट बसवून सांगितलं नाही. खरं बोलायचं तर मुनीरभाईंच्या टायरांचे किस्से चारचौघांत रंगवून सांगण्यातच मला गोडी होती. ती गाडी चालू झाली असती तर माझे किस्से संपले असते. याची मला आज लाज वाटते.

थंडीत भाभींना पडून पडून पाठीला झालेल्या जखमांमुळे ताप चढला आणि आठ दिवसांत त्या गेल्या. जनाजा विटांवरच्या गाडीला वळसा घालून गल्लीबाहेर पडला. मी खांदा दिला. त्या गाडीचा मला मनस्वी राग आला, गाडीवाल्याचाही आला, आणि थोडा माझाही.

चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर गाडी चाकांवर उभी. विटा भिंतीशी रचून ठेवलेल्या. मुनीरभाई स्टिअरिंगवर बसले होते. मागे भाभींची खुर्ची तिच्या जागी पक्की अडकवलेली, रिकामी. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले जळकोटला. मेहुणीचेही गुडघे गेलेत, खुर्ची तिच्या कामाला येईल.

टायरं कुठून आणली, हे मी विचारलं नाही. चार टायरं चार कंपन्यांची दिसत होती. मी खाली वाकलो, रुमालानं एकाची बाजू पुसली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते आकडे स्वतः वाचले. माझी धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे. टायर तिच्यापेक्षा थोरलं होतं.

“भाई, आकडे बघितले का?”

“न्हाई.”

“का?”

ते समोरच बघत होते. “आता कोण बसणार हाय सर?”

मोठी वाक्यं मला येत नाहीत, परीक्षानळ्या मोजणारा माणूस मी. कपाटाचं हँडल फिरवलं, दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, “मी बसलोय. चला जळकोटला.”

त्यांनी मला उतरायला सांगितलं. मी उतरलो नाही. त्यांनी किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही. समोरच्या खिडकीतला पलंग त्यांनी कधीच हलवला होता, तरी आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

मग ते सावकाश उतरले. गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. रुमाल काढला. पहिलं चाक पुसलं, दुसरं पुसलं, गाडीला वळसा घालून चारही पुसली. तिथूनच, मान वर न करता, म्हणाले, “ह्यांची उमर झाली सर. ह्याच्यावर तुमाला न्हाई नेणार.”

मी उतरलो आणि भिंतीशी रचलेल्या विटा आणायला लागलो.