लवंगबंदरचा कारभार

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं नाही की आम्ही बाया रिकामे हंडे वाजवत दिसेल त्याच्या नावानं बोटं मोडतो. समोरचे बाळारामकाका मात्र ओटीवर पाय हलवत बसतात आणि म्हणतात, "आमच्या लवंगबंदरात असं नाय चालत गो. तिथं नगराध्यक्षाचा नळ लाइनीच्या पार शेवटाला. त्याच्या घरात पानी नाय आलं तर त्याची बायको त्याला जेवाय वाढत नाय. मग धावतो बरोबर!"

लवंगबंदर कुठे आहे म्हणून विचाराल, तर कुठेच नाही. आमच्या शहापूरपासून समुद्र चांगला लांब, आणि काकांना तर समुद्राचं वावडंच. एकदा बघितला तेव्हा म्हणाले, "पलीकडचा काठच दिसत नाय. हद्द कुठली धरायची?" माणूस डोळखांबकडच्या पाड्यांवर जन्मभर ग्रामसेवक म्हणून राबलेला. त्याला आधी हद्द लागते. उन्हाळ्यात विहिरी आटलेल्या, पावसात वाटा बंद, आणि यांनी मांडलेले ठराव वर कुठेतरी पडून. निवृत्त झाल्यावर पठ्ठ्यानं थेट एक बंदरच वसवलं. श्रीमंत, गजबजलेलं, धक्क्याला देशोदेशीची गलबतं लागलेली. कारभार मात्र अस्सल ग्रामपंचायतीचा. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, आणि ठराव मोठ्यानं वाचून दाखवला पाहिजे.

तिथले कायदे ऐकण्यासारखे. परदेशी गलबत आलं की आधी खलाशांना गरम भाकरी, मग जकात. उपाशी माणूस उगाच भांडतो, असं काकांचं म्हणणं. सभेत भाषण करायचं असेल, तर डोक्यावर ओल्या बोंबलांची पाटी घेऊन उभं राहायचं. "पानी मानेवरनं पाठीत उतराय लागलं की मानूस मुद्द्यावर येतो," असं म्हणून काकांनी माझ्या मिस्टरांकडे असं काही बघितलं की मला बाई हसूच आवरेना.

एकदा मुरबाडहून माझा धाकटा भाऊ आला होता. दुपारभर काकांच्या ओटीवर बसला आणि संध्याकाळी मला म्हणतो, "ताई, लवंगबंदरच्या जकात नाक्यावर जागा निघाल्यात. काकांचा वशिला लावशील का?" कप्पाळ माझं! दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स घेऊन हा काकांसमोर हजर. "कसाऱ्याहून गाडी मिळते का हो तिकडे?"

काकाही गंभीर. "थेट नाय."

तेवढ्यात आतून जनाकाकी कडाडल्या, "अवो, पोराला नादी लावू नका! आनि जकातीवर पोरीच ठेवायच्या, असं कालच ठरलंय ना?"

खरी गंमत तिथेच होती. ठराव काकांचे, पण काकी म्हणजे एकटीचा विरोधी पक्ष. तांदूळ निवडता निवडता आतूनच ठराव उडवायच्या. "गलबतं आनली, धक्का बांधला. पन मच्छी विकनाऱ्या बायांनी मोरीला जायचं कुठं?" झालं! काका ठराव मागे घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी धक्क्याच्या आधी बायांची मोरी बांधून तयार, आत दिवासुद्धा. लवंगबंदर एवढं भरभराटीला आलं ते या भांडणांवर. चहाला गेलं की दोघांचं जुंपलेलं असायचं आणि मला कप हातात घेऊन उभंच राहावं लागायचं.

मागच्या दिवाळीनंतर काकींना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू हलू लागला, काठी धरून मोरीपर्यंत जाऊ लागल्या, पण वाचा गेली. एक शब्द नाही. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. बोलणं परत येईलही. जबरदस्ती करू नका, पण त्यांच्याशी बोलत राहा." घरात दोघंच, मूलबाळ नाही. काकांना जेवण गोड लागेना. जनी एकदा बोलली पाहिजे, हा एकच ध्यास.

आणि नेमका तेव्हाच लवंगबंदरचा कारभार बिघडला.

मी डबा घेऊन गेले, तर काका खाटेसमोर उभे राहून ठराव वाचतायत. दीपगृहातला दिवा बंद, तेल वाया जातं. त्याऐवजी वर एक कोंबडा बांधायचा. दुसऱ्या दिवशी मासळीबाजार डोंगरावर, कारण खाली वास येतो. मग काय, गलबतांनी यायचं ते फक्त ओहोटीला! शेवटी दर वेळी, "कुनाचा विरोध?" असं विचारून काका थांबायचे. काकी आपल्या भिंतीकडे बघत पडलेल्या. काका बारीक आवाजात म्हणायचे, "मंजूर."

माझी सटकलीच. म्हटलं, "काका, बाई तिथे मुकी पडलीय आणि तुम्ही कोंबडे काय बांधताय? सोन्यासारखं शहर, मातीत घातलंत की!"

त्यांनी मला हाताला धरून ओटीवर आणलं. आत ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले. "चांगला ठराव मांडून काय उपेग गो? चांगल्या ठरावाला ती कशाला बोलंल?"

मला भरूनच आलं. त्या दिवसापासून मी अनुमोदक झाले. धक्क्यावर सगळ्यांनी उलटं चालायचं, हा ठराव आम्ही दोघांनी मिळून पास केला. जकात लवंगांऐवजी चिखलात घ्यायची, तोही केला. काकी गप्पच. लवंगबंदर पार बुडायला आलं होतं, आणि काकाही.

एका दुपारी मी सुकटीचं कालवण घेऊन गेले. काकी भिंतीला टेकून बसलेल्या. काकांनी डबा उघडला, वास घेतला आणि खाकरले.

"ठराव. हमालांच्या खानावळीत आजपासून सुकटीच्या कालवनात चिंच बंद. साखर घालायची. चांगली मूठभर. सूचक मी."

"अनुमोदक मी," मी म्हटलं, आणि मनातल्या मनात कान पकडले.

"कुनाचा विरोध?"

काकींचा ओठ थरथरला. डावा हात गादीवर आपटला.

"न्... नाय."

काका जागचे हलले नाहीत. "कोन बोललं? सभेला ऐकू नाय आलं."

"साखर... नाय!" काकी ओरडल्याच. चेहरा लालबुंद, आणि डोळे असे वटारलेले की मीच दोन पावलं मागे सरले.

काका वळले आणि तडक बाहेर ओटीवर गेले. मी मागोमाग धावले. खांबाला धरून उभे होते, खांदे गदगदत होते. माझ्याकडे बघून हसायला गेले, ते काही जमेना.

"फेटाळला गो," ते म्हणाले. "ठराव फेटाळला तिनं."

आतून पुन्हा आवाज आला. अडखळत, पण चांगला दणदणीत. "साखर नाय!"

"नाय घालत गो जने," काका रडत रडत ओरडले, "नाय घालत!"