मल्लिनाथअण्णांचा मूळ क्लास

प्रोग्राम अडला की बाकीचे लोक इंटरनेट धुंडाळतात. आमचे मल्लिनाथअण्णा खुर्चीवर मांडी ठोकून बसतात आणि विचारतात, "ह्याची माय कोण?"

धाराशिवात खताच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. माणसं दोनच, अण्णा आणि मी. दूध डेअरीपासून रक्त तपासणाऱ्या लॅबपर्यंत सगळ्यांना आम्ही प्रोग्राम करून देतो. हे सगळे प्रोग्राम म्हणजे एकाच मूळ क्लासची, म्हणजे पायाच्या कोडची, लेकरं. मायकडं असेल ते लेकरांत आपोआप उतरतं, खोडीसकट. आमच्या मायची खोडी अशी की, काम संपवून स्क्रीन बंद करायला गेलं की ती विचारते, 'जेवलात का?'

शहाणा माणूस मायमधली ती एक ओळ खोडेल आणि चहाला जाईल. अण्णा मात्र प्रत्येक लेकरात वेगळी मेथड, म्हणजे त्या लेकरापुरती सूचना, लिहून मायचं तोंड बंद करत बसतात. सतरा लेकरं, सतरा ठिकाणी. अठरावं राहून जातंच. "मायला हात लावायचा न्हाय, लेकराला समजवा," हे त्यांचं ठरलेलं. इतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी तामलवाडीचा आहे.

परवा लॅबवाल्याचा फोन आला. काउंटरवरच्या मुलीनं पावती करून स्क्रीन बंद केली आणि आलेला प्रश्न भोळेपणानं मोठ्यानं वाचला. समोरचा पेशंट तपासणीसाठी रात्रीपासून उपाशी. त्यानं तिथंच भांडण काढलं.

"आज नीट झालं न्हाय तर दुसरा माणूस बघतो," लॅबवाला म्हणाला.

अण्णा खाली दुकानात गेले होते. मी मूळ क्लास उघडला, ओळ खोडली, सगळ्यांना नवा प्रोग्राम पाठवला आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दुपारी दोनला अण्णांनी आपली स्क्रीन बंद केली. काहीच आलं नाही. डबा समोर होता, पण त्यांनी तो उघडला नाही.

"तुमी मायला हात लावला का?"

"लावला. काय बिघडलं?"

"ती ओळ सुमनची हाय."

सुमनवहिनी म्हणजे अण्णांची बायको. मूळ क्लास दोघांनी मिळून लिहिलेला, हे मला ठाऊक होतं. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली, हेही ठाऊक होतं.

"कामात मी जेवायचं इसरतो म्हणून घातली होती तिनं," अण्णा म्हणाले. "आता घरी कोन इचारतंय?"

मला लई लाज वाटली. ओळ होती तिथंच परत लिहिली. मग लॅबच्या लेकरात वेगळी मेथड लिहिली, अगदी अण्णांसारखी.

अण्णांनी स्क्रीन उघडली, पुन्हा बंद केली. 'जेवलात का?'

"बसतोच आता," ते स्क्रीनला म्हणाले आणि डब्याचं झाकण काढलं.